पाचोळ्याचा रविवार

फाटकातून आत आल्यावर पायाखाली आवाज होत नाही, हे सर्वांत आधी धाकट्या सुनेच्या लक्षात आलं. पानगळ संपता संपता येणाऱ्या या एका रविवारी फाटकापासून पायरीपर्यंत घोटाभर पानांतून चालत जावं लागे, आणि त्या आवाजात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नसे. घरात या दिवसाला पाचोळ्याचा रविवार म्हणत. आज फरशी दिसत होती. गवत दिसत होतं. तिन्ही झाडांच्या बुंध्यांभोवतीची माती कुणी विंचरून ठेवल्यासारखी होती. तिचा नवरा मागून येता येता थबकला आणि त्याच्या मागून येणारे काका त्याच्या पाठीवर आदळले.

"अंगण कुठे गेलं?" काकांनी विचारलं.

धाकटीने चेहरा कोरा ठेवला. तिला यातलं अर्धं आधीपासून माहीत होतं. फोनवर आईंना तिनेच सांगितलं होतं, आणि सांगताना जीभ घसरल्यासारखं केलं होतं: यंदा भाऊजींची कंबर धरली आहे, यांनाही त्यांनी दाताळं आणू नकोस म्हणून बजावलंय, यंदा आपण सगळे नुसतं जेवायला येणार. फोनवर पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नव्हतं. मग आई म्हणाल्या होत्या, "बरं झालं सांगितलंस. पोळ्या जास्त लाटते."

त्या शांततेचं कारण मागच्या थंडीत होतं. आई घरामागच्या पायरीवर ओल्या पानांवरून घसरल्या आणि शेजारणीला हाक ऐकू जाईपर्यंत तिथेच पडून राहिल्या. हाड मोडलं नाही. पण थोरल्या मुलाने दवाखान्यातच विषय काढला: घर विकायचं आणि आईने त्याच्या फ्लॅटवर राहायला यायचं. आईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि घरी परतल्यावर सगळ्यांसमोर शब्द दिला. पुढच्या पाचोळ्याच्या रविवारी संध्याकाळपर्यंत अंगण साफ नसेल, तर त्या निमूट सामान बांधतील. साफ असेल, तर घराचा विषय पुन्हा कुणी काढायचा नाही.

तेव्हा सगळ्यांना ही अट आईंच्याच बाजूची वाटली होती. मुलं दर वर्षी येऊन अंगण साफ करतच होती. त्यांनी यायचं आणि हात लावायचा नाही, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. थोरल्याच्या आलं, पण नंतर.

"मी दाताळं आणलंय," तिचा नवरा हळूच म्हणाला. "डिकीत आहे. दादाला सांगू नकोस." तो शाळेत खेळाचा शिक्षक होता आणि घरातल्या कुठल्याही भांडणात जो शेवटचा बोलेल त्याच्या बाजूने असायचा.

"राहू दे डिकीतच," धाकटी म्हणाली.

घराच्या मागून यंत्राची घरघर आली.

* * *

थोरला पोचला तेव्हा त्याने सवयीप्रमाणे गाडी फाटकाला चिकटवून लावली. विम्याच्या कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करणं हा त्याचा धंदा होता. लोकांची जळलेली गोदामं, पाणी शिरलेली स्वयंपाकघरं, खचलेल्या भिंती बघायच्या आणि नुकसान कशाने झालं ते ठरवायचं. त्याने एकदा कारण सांगितलं की त्यावर सहसा वाद होत नसे, बाहेरही आणि घरातही. उन्हाळ्यात त्याने आईची मागची खोली पाहिली होती. भिंतीला छातीपर्यंत ओल, गिलावा फुगलेला, खिडकी काळवंडलेली, कपाटातल्या कपड्यांना वास. पाया पाणी ओढतो आहे, घर आतून गेलं आहे, असं त्याने सांगितलं आणि सगळ्यांनी मान हलवली.

यंदा पानं उचलायची नाहीत हे ठरवताना त्याला आपण काही कपट करतो आहोत असं वाटलं नव्हतं. पानं पडतात. कुणी उचलली नाहीत तर अंगण कसं होतं हे आईने डोळ्यांनी बघावं, इतकंच. ती त्या पायरीवर किती वेळ पडून होती हे ती आजही नीट सांगत नव्हती. तो मात्र रात्री-अपरात्री फोन वाजला की ताडकन उठून बसत होता.

आता तो स्वच्छ अंगणात उभा होता आणि आई पायरीवर स्वयंपाकघरातलं स्टूल टाकून बसली होती. अंगात जाड कोट, हातात चहा.

"हे कुणी केलं?"

"माणसं लावली."

"कुठली माणसं?"

"इथलीच. बाजाराच्या मागे त्यांचं ऑफिस आहे. पाचोळा उचलणं, पन्हळी साफ करणं, कुंपण कापणं, हेच काम करतात. फोन केला, बघून गेले, परवापासून येतायत." आईने चहाचा घोट घेतला. "पुढचं झालंय. मागचं चाललंय."

तेवढ्यात घराच्या कडेने एक बाई आली. गुडघ्यापर्यंत बूट, कानांवर आवाज अडवणारे गोळे, हातात मोजे. कंपनी तिची होती. तिने थोरल्याकडे आणि मग फाटकाकडे पाहिलं.

"ती गाडी तुमची का? जरा मागे घ्या. आमचा ट्रक भरलाय, बाहेर काढायचाय."

थोरला काही बोलायच्या बेतात होता. पण आईसमोर, भावासमोर, काकांसमोर काय बोलणार? त्याने किल्ली काढली. पानांनी गच्च भरलेला, ताडपत्रीने बांधलेला ट्रक त्याच्या नाकासमोरून गेला. त्याच्या बायकोला उतरायलाही वेळ मिळाला नव्हता, तिने गाडीत बसूनच ते पाहिलं.

* * *

दिवाणखान्यात काका खुर्ची शोधत होते.

दवाखान्यातून आल्यावर थोरल्याने आईला बटण दाबलं की मागे कलणारी, पाय वर करणारी, पाठ चोळणारी खुर्ची आणून दिली होती. आईला फ्लॅटमधल्या सुखसोयींची सवय लागावी हा हेतू. आई तीत एकदाही बसली नाही. काका मात्र या घरी येत तेच त्या खुर्चीसाठी. आता खिडकीपाशी तिच्या पायांचे चार खड्डे तेवढे गालिच्यावर उरले होते.

"वहिनी, माझी खुर्ची?"

"विकली."

"अहो, का?"

आईने खिडकीतून अंगणाकडे बोट दाखवलं. काकांनी पाहिलं. त्यांना हिशेब जुळवायला थोडा वेळ लागला, मग ते खड्ड्यांशेजारच्या साध्या खुर्चीवर टेकले आणि ती खुर्ची तशीही फार आवाज करायची, असं म्हणाले.

थोरल्याने हे ऐकलं. भेट विकली याचा राग त्याला आला, पण तो त्याने बाजूला ठेवला. मोठं बोलायचं असलं की तो आधी कोट काढून घडी करी. आताही केली. मग तो म्हणाला की हा शब्द पाळणं नव्हे. शब्द घरच्यांसमोर, घरच्यांच्या भरवशावर दिला होता. आणि या घरात एक रीत होती. बाबा जिवंत असताना आणि नंतरही आमच्या अंगणाला परक्याचा खराटा लागला नाही. बाबांचं ते तत्त्व होतं. आज आईने ते मोडलं, तेही न विचारता.

धाकट्याने मान हलवली. तत्त्वाचं ऐकून त्यालाही गहिवरून आलं होतं. लहानपणी बाबा त्या दोघांना दाताळी देऊन अंगणाचे दोन भाग करत आणि आधी संपवेल त्याला खांद्यावर घेत.

"बाबांनी कधी बाहेरचा माणूस लावला नाही," तोही म्हणाला.

"लावणार कुठून?" काका म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. काका खुर्चीत सावरून बसत होते, पाठीला टेकू मिळत नव्हता.

"तुमच्या बापाच्या खिशात काय असायचं ते मला विचारा. माणूस लावायची ऐपत नव्हती, म्हणून त्याने त्याचं तत्त्व केलं. पुढे ऐपत आली, पण तोवर सगळ्यांना सांगून बसला होता." ते आईकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं ना, वहिनी?"

"लग्नाच्या पहिल्या वर्षापासून," आई म्हणाली.

धाकट्याला आधी हसू आलं, मग त्याने दादाकडे पाहून ते गिळलं. पण एकदा फुटलेलं हसू परत जाग्यावर बसत नाही. धाकटी तर स्वयंपाकघरात पाणी आणायला म्हणून गेली आणि तिथून तिच्या खोकण्याचा आवाज आला.

"तुला कुणी सांगितलं, आम्ही यंदा काही करणार नाही म्हणून?" थोरल्याने विचारलं.

खोकणं थांबलं.

"तुझ्या कंबरेने सांगितलं," आई म्हणाली. "धरली होती ना तुझी कंबर? धरलेल्या कंबरेने तू गेल्या महिन्यात आला होतास तेव्हा माझं लोखंडी कपाट एकट्याने सरकवलंस. कपाटामागची ओल पुन्हा बघायला."

धाकटी पाण्याचे पेले घेऊन बाहेर आली आणि पहिला पेला तिने आईंना दिला. देताना बोटांना बोटं लागली. आईंनी वर पाहिलंही नाही.

* * *

थोरली सून इतका वेळ सोफ्याच्या टोकाला बसून होती. आल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

फ्लॅटमधली जी खोली आईंसाठी ठरली होती, त्या खोलीत तिचं शिवणयंत्र होतं. लोकांचे कपडे बारीक-मोठे करून देण्याचं काम ती तिथे करी. दार बंद केलं की त्या घरात तेवढीच एक जागा अशी होती जिथे कुणी तिला हाक मारत नसे. नवऱ्याने सांगितलं तेव्हा ती हो म्हणाली. आई एकट्या पडून राहिल्या होत्या, त्यावर नाही कसं म्हणणार? तिने यंत्र पलंगाखाली मावतं का ते मोजून पाहिलं. पडदे आणले. पडद्यांबद्दल सगळ्यांना सांगितलंही.

आता तिने नवऱ्याला दुसरा डाव टाकताना ऐकलं. या वेळी त्याचा आवाज खाली आला होता, आणि तिला ठाऊक होतं की असा आवाज तो खोटं बोलताना काढत नाही.

"अंगणाचं सोड, आई. ते झालं साफ, मान्य. पण तू झोपतेस मागच्या खोलीत. ती खोली मी बघितली आहे. तिथली हवा तुझ्या छातीत जाते. पाया गेलाय. त्याला खराटा काय करणार? मला रोज वाटतं, आज फोन येईल."

थोरलीला वाटलं, आता आई नमतील. तिने मनातल्या मनात यंत्र पलंगाखाली सरकवायला सुरुवात केली.

आई उठल्या. "चला मागे," म्हणाल्या. "सगळेच चला. तुझे कामाचे बूट आहेत ना गाडीत? घाल."

* * *

घरामागे या कुटुंबातलं सहसा कुणी जात नसे. पुढून गोळा केलेली पानं मागे नेऊन टाकायची आणि परत पुढे यायचं, एवढाच तिथला संबंध. बाबा म्हणत, मागे टाका, खत होईल. खत कुणी कधी काढलं नाही. दर वर्षी नवी पानं जुन्या पानांवर पडत गेली. धाकटा हातगाडी ढकलत नेई, थोरला दाताळ्याने ढीग भिंतीला रेटून दाबे, म्हणजे वारा उडवणार नाही. मग दोघे पुढे येऊन स्वच्छ अंगणासमोर फोटो काढत.

आता त्या ढिगाचा शेवटचा भाग बाहेर निघत होता. वरची पानं उडवून झाली होती. खाली फावड्याने कापावा लागेल असा काळा, चिकट, वाफाळणारा थर होता. कंपनीची तीन माणसं तो पोत्यांत भरत होती. ढीग कुठवर होता त्याची रेघ भिंतीवर उमटली होती. ती मागच्या खोलीच्या खिडकीच्या मध्यावर होती.

"ही खिडकी एवढी मोठी होती?" धाकट्याने विचारलं.

"तुम्ही दोघं शाळेत होता तेव्हा मी याच खिडकीतून तुम्हाला डबे देत असे," आई म्हणाली.

एका माणसाने भिंतीच्या पायथ्याशी फावडं घातलं आणि थांबून हाताने चिखल बाजूला केला. जोत्यात फरशीखाली हवा खेळावी म्हणून ठेवलेल्या जाळ्या उघड्या पडल्या, एकीनंतर एक, सगळ्या बुजलेल्या. त्यांच्या पलीकडे पन्हळीचा नळ खाली येत होता. नळाचं तोंड ढिगात गाडलेलं होतं. छपरावरचं सगळं पाणी तिथे येऊन पुढे जायला वाट नसल्यामुळे भिंतीत जिरत होतं. त्या माणसाने नळाचं तोंड मोकळं केलं आणि पुढच्या कामाला लागला. नळातून काळं पाणी आलं, आधी थेंब थेंब, मग धार, आणि उतारावरून कुंपणाकडे निघून गेलं.

धाकट्याने त्या पाण्याकडे पाहिलं, मग हातगाडीकडे, मग भावाकडे.

"दादा," तो म्हणाला, "हा ढीग आपण केलाय."

थोरला भिंतीशी उकिडवा बसला होता. असा तो शेकडो भिंतींशी बसला होता. तळवा टेकवायचा, ओल कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते बघायचं. पाया पाणी ओढतो तेव्हा ओल सगळ्या भिंतींना सारखी चढते. इथे ती बरोब्बर ढिगाइतकी लांब आणि ढिगाइतकी उंच होती. कोपरा वळून गेलं की वीट खडखडीत कोरडी. उन्हाळ्यात त्याने हे आतून पाहिलं होतं. बाहेर येऊन बघायला पाहिजे, हे तो हाताखालच्या नव्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवायचा. इथे तो बाहेर आला नव्हता, कारण बाहेर काय आहे ते त्याला माहीतच होतं. त्यानेच रचलं होतं.

थोडं पलीकडे ती पायरी होती. तीही आता साफ होती. पायरीवर ओली पानं कुठून यायची, हे कुणाला सांगावं लागलं नाही. थोरल्याने पायरीकडे बराच वेळ पाहिलं.

आई त्याच्या मागे येऊन उभी राहिली. ती त्या बाईला फोन करायच्या आधी किती संध्याकाळी इथे उभी राहून विचार करत होती, हे तिने त्याला सांगितलं नाही. ढीग हलवा असं ती मुलांना एकदोनदा म्हणाली होती. पण त्या रविवारी दोघांच्या चेहऱ्यांवर बाबांची मुलं असण्याचा जो आनंद असे, तो बघून तिसऱ्यांदा म्हणाली नव्हती. भिंत त्यांना दाखवायची, तर आधी मोकळी करायला हवी होती. आणि ती मोकळी करायला परकी माणसंच हवी होती. परक्यांना त्या ढिगाचं कौतुक नव्हतं.

"तुमच्या विमा कंपन्यांची भाषा मला येत नाही," आई म्हणाली. "पण एखादा मालक तुझ्याकडे आला, साहेब माझं घर गेलं म्हणाला, आणि तू जाऊन हे बघितलंस, तर काय लिहितोस?"

थोरला उठला. गुडघ्यांना चिखल लागला होता. त्याने हात झटकले, भावाकडे, काकांकडे, बायकोकडे पाहिलं. सगळे वाट बघत होते. खोटं लिहिणं त्याला कधी जमलं नव्हतं, आणि त्याबद्दल त्याचा धंद्यात लौकिक होता.

"पाया शाबूत," तो म्हणाला. "नुकसान देखभालीतल्या हयगयीमुळे. हयगय मालकाच्या मुलांची." मग थांबून, "दावा नामंजूर."

काकांनी टाळी वाजवली. एकच, पण जोरात.

"पडदे मी उद्याच परत करते," थोरली म्हणाली. ती दिवसभरात प्रथमच बोलली होती, आणि इतक्या चटकन की सगळे वळून बघायला लागले. ती लाल झाली. आईंनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "परत कशाला? तुझ्या शिवणाच्या खोलीला लाव. तिथे दार असलं तरी पडदा हवाच." तेव्हा थोरलीला कळलं की म्हातारीला तेही माहीत होतं.

कंपनीवाली बाई कानांवरचे गोळे गळ्यात अडकवून आली. खिडकी बाहेरून धुतली आहे, पण आतून कडी गंजलेली असेल, जरा बघा, असं म्हणाली. वर्षभराच्या कामाचं ठरल्याप्रमाणे थंडी संपताना पन्हळींसाठी माणसं येतील, कुंपणासाठी त्यानंतर.

"वर्षभराचं?" थोरल्याने विचारलं.

"खुर्ची चांगली विकली गेली," आई म्हणाली.

धाकटा आत धावला. थोड्या वेळाने आतून धक्के ऐकू आले. मग कडी सुटली आणि खिडकीची दोन्ही दारं बाहेरच्या बाजूला धाडकन उघडली. धाकटा तिच्यातून कंबरेपर्यंत बाहेर आला. त्याच्या केसांत कोळ्याची जाळी अडकली होती. दुपारचं ऊन त्याच्या खांद्यावरून आत गेलं आणि आईच्या पलंगावर पडलं.

"आई, डबा घे," तो म्हणाला.

जेवणं अंगणात झाली. आत बसायचं कारण नव्हतं. काकांनी पायरीवर उशी मागून घेतली. दोन्ही सुना शेजारी शेजारी बसल्या आणि कशावर तरी हसत राहिल्या. थोरला कमी बोलला, पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं. उन्हाळ्यात भिंत सुकली की गिलावा आपण स्वतः बघू, असं तो म्हणाला. आईने हो म्हटलं. तेवढं त्याच्याकडे राहू द्यायला तिची हरकत नव्हती.

निघायची वेळ झाली. आई त्यांना फाटकापर्यंत पोचवायला आली. मधल्या झाडाच्या शेंड्याला अजून थोडी पानं होती. वाऱ्याने एक सुटलं, सावकाश खाली आलं आणि स्वच्छ फरशीवर थोरल्याच्या पुढ्यात पडलं. तो सवयीने वाकला आणि त्याने ते उचललं.

"ठेव ते खाली," आई म्हणाली. "त्याला माणसं लावली आहेत."